दारामागचा स्कोअर

"गावात घर कुठल्या बाजूला?"

साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या हातात पांढऱ्या रंगाची बादली होती. मस्कतमधल्या एका कॉलेजचं मैदान. मी तिथला ग्राउंड्समन. गवत कापायचं, पाणी मारायचं, रेषा आखायच्या. साहेब स्पोर्ट्स ऑफिसचे प्रमुख. पुण्याचे. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे त्यांना थांग लागत नव्हता. रत्नागिरी जिल्हा सांगितला. भागलं नाही. तालुका सांगितला. भागलं नाही.

"खालच्या अंगाला," मी म्हणालो. "बौद्धवाडीत."

"अच्छा, अच्छा." साहेब बादलीकडे बघत अर्धं पाऊल मागे सरले. मला वाटलं, बुटांवर रंग सांडेल म्हणून. मी बादली लांब केली. वर "सॉरी" म्हणालो.

असा मी हुशार.

त्याच दिवशी पाच कॉलेजांच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा पहिल्यांदा भरत होती. दोन हजार अकरा-बाराची गोष्ट. मुलींची अट होती, प्रेक्षकांत पुरुष नकोत आणि फोटो नकोत. अट मला पटली. माझी बहीण शाळेत कबड्डी खेळायची तेव्हा बांधावर बसून शिट्ट्या मारणारे मी बघितले होते.

साहेब म्हणाले, "तू सामानाच्या खोलीत बस. मॅच संपली की बोलावतो."

गेलो. मागून कडी लागली. बाहेरून.

आत गोलच्या जाळ्या, प्लास्टिकचे कोन, फुटके बॉल. पंखा नाही. छताजवळ हाताएवढा झरोका. बाहेर मांडवाखाली खुर्च्या होत्या, त्यांवर साहेब, जाहिरात देणाऱ्या कंपनीचे दोघे आणि जेवण पुरवणारा. चारही पुरुष. जाताना मी हे बघितलं होतं. विचार केला नाही. मला विचार करायला वेळ लागतो. अजूनही लागतो.

बसून बसून माणूस काय करणार? ऐकू लागलो. शिट्टी, मग आरडाओरडा, की गोल. आमच्या मुलींचा आवाज वेगळा, पाहुण्या मुलींचा वेगळा. दाराच्या आतल्या बाजूला ब्रशने लिहून टाकलं. पहिलं वर्ष, फायनल, आमच्या एक, त्यांच्या तीन. दुसऱ्या वर्षी उन्हामुळे सामने चारनंतर ठेवले, तेही लिहिलं. सेमीफायनलला बॉल फुटला, बदली बॉल माझ्याच खोलीत, साहेबांनी दार वीतभर उघडून हात आत घातला. तेही लिहिलं. फक्त हाताचं लिहिलं नाही.

मला त्या दाराचा केवढा अभिमान! वादी अदाई वस्तीतल्या आमच्या खोलीत मी इक्बालभाईंना ऐटीत सांगायचो. इक्बालभाई राजापूरकडचे, ड्रायव्हर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. सांगता सांगता मी हेही सांगितलं, की ऑफिसात सगळ्यांना चिनी मातीचे कप, मला मात्र दरवेळी नवाकोरा कागदी. पाहुण्यासारखा.

इक्बालभाई कांदा चिरत होते. सुरी थांबली.

"तो कप तुझ्यासाठी नाय रे बाबा. त्याच्यासाठी हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुला खोलीत कोंडतंय कोण? तोच ना?"

मी हसलो. रात्रभर कूस बदलत राहिलो. समुद्र ओलांडून आलो होतो. विमानात खिडकीची सीट मिळाली होती. आणि वाडी माझ्याआधीच येऊन साहेबांच्या टेबलावर बसली होती. तरी सकाळी गेलो आणि कागदी कपातला चहा प्यालो. हे लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

तिसऱ्या वर्षीची फायनल. दुपारी उकडत होतं, जाळ्यांच्या गादीवर मी आडवा होऊन ऐकत होतो. आमच्यांचा जल्लोष दोनदा, पाहुण्यांचा एकदा. मध्ये मला जरा डुलकी लागली. जरा म्हणजे दहा मिनिटं. कुणीतरी कडी काढली तेव्हा सगळे गेलेले, गवतावर चमकीच्या कागदांचे तुकडे. म्हटलं, जिंकल्या! ठसठशीत लिहिलं, आमच्या दोन, त्यांच्या एक. आमच्या या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. ज्यांचा एकही सामना बघितला नाही, त्या पोरी आमच्या.

पाच वर्षं भरली तेव्हा कॉलेजने ठरवलं, स्पर्धेच्या इतिहासाचा मोठा फलक लावायचा. ऑफिस हललं तेव्हा जुन्या फायली गहाळ झालेल्या. मुलींच्या कोच मिस सालमा बाळंतपणाच्या रजेवर. साहेब तर फायनलच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन अर्ध्या तासात निघून जायचे, त्यांना काय आठवणार? शोधता शोधता त्यांना माझं दार सापडलं. मोबाइलने फोटो काढले. माझ्याकडे बघून "गुड" म्हणाले. पाच वर्षांतला पहिला गुड. मी दिवसभर तरंगत होतो.

फलक लागला. इंग्रजी आणि अरबीत. खाली लिहिलेलं, संकलन : साहेबांचं नाव. माझं नाही. चालतं, म्हटलं. मला सगळं चालायचं.

अनावरणाला जुन्या खेळाडू आल्या होत्या. मिस सालमाही आल्या, बाळ घरी ठेवून. मी कोपऱ्यात, इस्त्रीच्या शर्टात. तिसऱ्या वर्षीच्या पाहुण्या टीमची कॅप्टन फलक वाचता वाचता थांबली. आता नोकरीला लागलेली मुलगी. बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाली, "नो. आम्ही जिंकलो होतो. दोन-एक. दुसरा गोल माझा होता."

आमच्याच जुन्या गोलकीपरने मान हलवली. आमचा पहिला गोल ऑफसाइड धरून रद्द झाला होता. मी जल्लोष ऐकला, रद्द झालेलं ऐकलं नाही. आणि या मुलीचा गोल माझ्या डुलकीत गेला.

ती मुलगी रागावली नव्हती. नुसती बघत होती त्या ओळीकडे. तिचा गोल होता तो. मी पुसला होता.

साहेब माझ्याकडे वळले. हसत. मराठीत, म्हणजे इतरांना कळू नये.

"पिढ्यान्‌पिढ्या अक्षराशी गाठ नाही, आणि हे निघाले इतिहास लिहायला."

माझे कान तापले. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा "सॉरी" तोंडातून बाहेर आलं नाही. साहेबांना तरी नाही. त्या मुलीला म्हणालो. आमच्या धेडगुजरी हिंदी-इंग्रजीत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गलती मेरा है, सिस्टर. मैं सोया था. लेकिन मैं मॅच देखा नहीं. रूम के अंदर था. लॉक बाहर से."

मिस सालमांच्या कपाळाला आठी पडली. "लॉक? कौन किया लॉक?"

मी साहेबांकडे बघितलं.

"तुम्हारा नाम तो लिस्ट में था," सालमा म्हणाल्या. "फर्स्ट इयर से. ग्राउंड का आदमी, लाइन के पास. मैंने खुद लिखा था."

यादी. मैदानावर कोण चालेल त्यांची, पहिल्या वर्षापासून. मुलींनी मला बाहेर ठेवलंच नव्हतं.

"अरे, ते सेफ्टीसाठी होतं," साहेब पुटपुटले. पुन्हा मराठीत.

मीही मराठीतच बोललो. "साहेब, कडी तुमची, कान माझे. कोंडलेल्या माणसाला जेवढं ऐकू येतं, तेवढं मी लिहिलं. तुम्ही खुर्चीत होता. तुम्ही काय लिहिलंत?"

"तोंड सांभाळून बोल."

"पाच वर्षं सांभाळलं. खलास."

घरी येऊन मात्र हिशोब सुरू. व्हिसा जाईल, परत पाठवतील, आईला काय सांगू? इक्बालभाईंनी भाताचं ताट पुढे सरकवलं. जेवलो नाही. सकाळी लवकर मैदानावर गेलो, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सामानाच्या खोलीची कडी काढली. एक स्क्रू गंजलेला, अर्धा तास खाल्ला त्याने. चहाच्या वेळी ऑफिसात घरून आणलेला माझा स्टीलचा पेला चिनी मातीच्या कपांशेजारी ठेवला. साहेबांनी बघितलं. मी हलवला नाही.

नोकरी राहील की जाईल, ते अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. रेषा मीच आखणार, आणि सामना रेषेजवळ उभं राहून बघणार. यादीत नाव आहे. स्कोअर दाराच्या आत लिहिणार नाही. बाहेरच्या भिंतीवर लिहीन, येता-जाता कुणीही वाचेल असा. तिसऱ्या वर्षाची ओळ सगळ्यात वर, दुरुस्त करून, गोल करणारीच्या नावासह. चुकलं तर तोंडावर सांगा, पुसून पुन्हा लिहीन.

आणि खाली सही करीन. पूर्ण. नाव, आडनाव, गाव, वाडीसकट. पुन्हा कुणाला विचारायला लागू नये.