बोटीच्या सीटवरची पोती

फिलनामताईंचं नावच मुळी रागातून ठेवलेलं. चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा तिच्या आजोबांनी 'आता पुढचा तरी मुलगाच हवा' अशा अर्थाचं नाव तिच्या गळ्यात बांधलं. पुढे मुलगा झालाच नाही. ताई म्हणायच्या, "माझ्या नावानं बापाचं भलं झालं नाही, माझं काय डोंबल होणार?"

ओहोटी लागली की आमच्या बेटाभोवती लांबवर चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर ताईंचा जन्म गेला. फळीवर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायानं चिखल रेटत पुढे सरकायचं आणि शिंपल्या, कालवं, बिळातले लहान ऑक्टोपस काढायचे. मीही त्यांच्याचकडून शिकले. पण अलीकडे बिळांपेक्षा थर्माकोलच जास्त दिसायला लागला होता. समुद्रशेवाळाच्या शेतीला तरंगते ठोकळे बांधतात, ते वादळात सुटतात आणि आमच्या किनाऱ्याला लागतात. उन्हानं फुटून त्यांचे साबुदाण्यासारखे दाणे होतात. एकदा ताईंनी ऑक्टोपस चिरला, तर पोटात तेच दाणे. त्यांनी तो कोणाला विकला नाही, खाल्लाही नाही.

म्हणून जिल्हा कचेरीनं 'समुद्र राखणदार' नेमायचं ठरवलं, तेव्हा बेटावरून पहिलं नाव ताईंनी दिलं. मग मी, आणि दोकचे नावाचे गावातले म्हातारे आजोबा. निळं जाकीट, टोपी, लांब चिमटा. मार्चपासून आम्ही किनारा वेचत होतो. ठोकळे, जाळी, दोर, बाटल्या पोत्यांत भरायच्या, पोती धक्क्याशी रचायची, आणि कचेरीची कचराबोट येऊन ती नेणार, असं ठरलं होतं.

बोट आलीच नाही. रास माझ्या डोक्यावर गेली. ताई फोन करायच्या. कचेरीतले ग्वाकसाहेब गोड बोलायचे. "काकी, यंदाचा वाहतुकीचा निधी संपला हो. पुढच्या वर्षी बघू."

"मग समुद्रालाही सांगा, पुढच्या वर्षी ये म्हणावं."

समुद्र काही थांबला नाही. उन्हाळा सरता सरता वादळ आलं आणि धक्क्यावरची निम्मी रास घेऊन गेलं. सकाळी बघतो तर फुटलेली पोती चिखलभर पसरलेली, आणि दाणे इतके की चिखल पांढरा दिसत होता. ताईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि अशा शिव्या दिल्या, की दोकचे आजोबांनी कानावर हात ठेवले. मग जाकीट घालून त्या पुन्हा वाकल्या. सणाच्या दिवसांतसुद्धा आम्ही वेचत होतो.

ऑक्टोबरात ग्वाकसाहेब स्वतः बेटावर आले. चकचकीत बूट, हातात छत्री. किनारा बघून त्यांचं तोंड उतरलं.

"फारच स्वच्छ आहे हो."

"मग? त्याचाच पगार देता ना?" ताई म्हणाल्या.

"तसं नाही, काकी. परवा स्वच्छ सागर दिन आहे. जिल्हाप्रमुख येणार, दोनशे पाहुणे येणार. ते उचलणार काय? थोडी पोती मोकळी करा. जरा पसरा. आपसूक वाहून आल्यासारखं दिसलं पाहिजे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ताई साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या घरी पाहुणे आले की तुझी आई केर पसरून ठेवते का रे? पाहुण्यांना झाडायला मिळावं म्हणून?"

"वरून आदेश आहे, काकी."

"वरून पाऊस येतो, नाहीतर पाखरांची घाण येते. यातलं हे कुठलं?"

दोकचे आजोबा ताईंना हळूच म्हणाले, "पोरी, डिसेंबरात नेमणूक पुन्हा व्हायची आहे." ताई राशीसमोर बसल्या, मीही शेजारी बसले. शेवटी पे नावाचे गावप्रमुख ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांच्या माणसांनी मागच्या बाजूनं पोती ओढून काढली, चाकूनं फाडली आणि आमचं सात महिन्यांचं काम किनाऱ्यावर ओतलं. वारा होता. दाणे चिखलाकडे उडाले. ते आता कोणता चिमटा वेचणार होता?

सोहळा झाला. फलक लागले, पांढरे हातमोजे वाटले. समुद्र आपली आई आहे, असं जिल्हाप्रमुख म्हणाले. पाहुण्यांनी फोटो निघेपर्यंत कचरा वेचला, पोती धक्क्यावर आणून टाकली आणि सगळे मंडपात ताजी मासळी खायला गेले.

ताई सरळ धक्क्यावर गेल्या. पाहुण्यांच्या परतीच्या बोटीचा कप्तान त्यांचा चुलतदीर.

"भावजी, माल चढवायचाय."

"कसला?"

"सरकारी."

त्यानं राशीकडे पाहिलं, ताईंच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मी चहाला जातो. मला काही दिसलं नाही."

चिखलावर काम करणाऱ्या आम्ही सगळ्या बायका आलो. नवी पोती, जुनी पोती, सगळी चढवली. खाली जागा संपली तेव्हा सीटवर ठेवली, एकेका सीटवर एकेक. काळं पाणी गाद्यांवर गळत होतं. वास असा, की मांजरही पळावं.

पाहुणे ढेकर देत आले आणि दारातच थबकले.

"हे काय?" ग्वाकसाहेब किंचाळले.

"तुमचंच आहे. तुम्हीच गोळा केलंत, आणि विसरून चालला होतात," ताई म्हणाल्या.

"बोट येणार आहे ना, काकी!"

"मार्चपासून येतेय ती."

एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "आम्ही बसायचं कुठं?" ताई म्हणाल्या, "आमचे ऑक्टोपस याच्यात राहतात, बाई. तुम्हाला पलीकडे जाईपर्यंतच राहायचंय."

मग जिल्हाप्रमुख पुढे आले. त्यांनी पोती पाहिली. शेजारी उभा असलेला पेपरचा बातमीदार पाहिला. क्षणात तोंडावर हसू आणलं, मित्राच्या खांद्यावर टाकावा तसा एका पोत्यावर हात टाकून बसले आणि म्हणाले, "अगदी बरोबर! बेटाचा कचरा मी स्वतः नेणार!" कॅमेरा लखलखला. टाळ्या वाजल्या. बोट सुटली.

ताईंना तो माणूस शरमलेला बघायचा होता. "मेल्यानं माझा रागसुद्धा स्वतःच्या नावावर करून घेतला," त्या म्हणाल्या, आणि धक्क्यावर थुंकल्या.

पेपरात फोटो आला. एवढी फुशारकी मारल्यावर कचराबोट पाठवणं कचेरीला भाग पडलं. आता ती बहुतेक महिन्यांत येते. डिसेंबरच्या नेमणुकीत ताईंचं नाव नव्हतं. वय झालं, असं सांगितलं. दोकचे आजोबा त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, ते राहिले. ताईंचं जाकीट आता गावप्रमुखांची मेहुणी घालते आणि सावलीत बसते.

या वसंतात कचराबोट आली, अर्धी पोती घेतली आणि निघायच्या बेतात होती. ओहोटी लागेल, खलाशी म्हणाले. ताई कालवांची टोपली घेऊन तिथूनच जात होत्या. टोपली खाली ठेवून त्या धक्क्यावरच्या खुंटाला बांधलेल्या बोटीच्या दोरावर बसल्या.

"सगळी चढवा, मग उठते."

"तुम्ही कोण, आजी?" खलाशानं विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर मला कामावरून काढता येत नाही."

पाणी उतरायला लागलं होतं. बोट चिखलात रुतायची त्यांना भीती. शिव्या देत देत त्यांनी शेवटचं पोतं चढवलं. तोवर ताई तिथंच बसून कालवं फोडत होत्या.