तिसऱ्यांदा विचारलं असतं तर

मुठा गावच्या बहिरूतात्यांना चहा पाजणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं की ते म्हणत, आत्ताच झाला. दुसऱ्यांदा म्हणत, कशाला उगा. तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट्यानं टेकत आणि दोन कप पीत. आमच्या खोऱ्याची ही जुनीच रीत. पण तात्यांइतक्या निष्ठेनं ती कुणी पाळली नाही. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलबीला दोनदा नको म्हटलं. वाढपी घाईत होता, पुढे गेला. रंभाबाई त्यांना हे चाळीस वर्षं ऐकवताहेत.

तात्यांनी ओढ्यालगतचं वावर विकलं, त्यावर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या निषादचा बंगला उभा राहिला आणि तात्या त्याच बंगल्याचे राखणदार झाले. पूर्वी याच वावरात फुकट राबायचो, आता पगार मिळतो, असं ते मोठ्या ऐटीत सांगत.

दोन वर्षांपूर्वी निषादनं तिथं एक पिल्लू आणलं. तिबेटी मॅस्टिफ. फार जुनी जात. तिकडचे मेंढपाळ लांडग्यांपासून कळप राखायला पाळतात, हे त्यानं तात्यांना मोबाइलवर दाखवलं. वर्षभरात पिल्लू वासराएवढं झालं. निषादनं त्याचं नाव कैसर ठेवलं होतं. तात्यांनी त्याची मानेभोवतीची आयाळ बघून त्याचं अस्वल्या केलं, आणि कुत्र्यानं तात्यांचं मानलं.

तात्यांनी मोबाइलवरचं जरा जास्तच मनावर घेतलं. पिल्लाला पहिल्या दिवसापासून स्वतःच्या सात शेळ्यांत निजवलं. त्यामुळे अस्वल्या बंगल्याकडे ढुंकून बघेना. तिथं चोर शिरला असता तर त्यानं जांभई दिली असती. शेळीजवळ कावळा उतरला तरी मात्र ताडकन उठायचा. उन्हाळ्यात त्याला ओढ्यात बसवावं लागे, आणि तो बसावा म्हणून काठावर शेळ्या आणून उभ्या कराव्या लागत. रंभाबाई भाकऱ्या थापता थापता दोघांचाही उद्धार करत. त्या वर्षी बिबट्यानं शेजारची दोन वासरं नेली. तात्यांच्या शेळ्या सातच्या दहा झाल्या.

यंदा निषादची परदेशी बदली झाली. शनिवारी तो तात्यांच्या ओट्यावर येऊन बसला.

"तात्या, कैसरला तुम्हीच ठेवून घ्या ना."

तात्यांच्या मनात काय होतं ते शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. ते म्हणाले, "आमी कशाला, साहेब. येवढं मोठं जनावर."

"नक्की नको?"

"न्हाई न्हाई. ऱ्हाऊ द्या."

आणि तात्या हातातली काडी मोडत तिसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले.

निषाद भला मुलगा. समोरचा दोनदा नको म्हणाला की त्याच्या गळ्यात मारू नये, एवढी समज त्याला होती. त्यानं तिथूनच ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टवाल्याला फोन लावून कैसर त्याला देऊ केला.

फोन करा आणि पाहिजे म्हणून सांगा, असं रंभाबाई आठवडाभर सांगत होत्या. तात्यांचं एकच उत्तर होतं, "आता मागाय गेलो तर हावरा दिसंन."

पुढच्या रविवारी सकाळी रिसॉर्टची गाडी आली. अस्वल्या शेळ्यांतून हलेना. दोघांनी ओढलं, तिघांनी ढकललं. शेवटी तात्यांनीच एक करडू उचलून गाडीत ठेवलं. अस्वल्या त्यामागं निमूट चढला आणि करडाला पोटाशी घेऊन बसला. तात्यांनी पलीकडच्या दारानं करडू काढून घेतलं आणि दार लावलं.

परवा ते मला पौडच्या एसटी स्टँडवर भेटले. हातात भाकऱ्यांची पिशवी. चहा घेता का, असं मी विचारलं आणि पुढच्या दोन आग्रहांची मनात तयारी केली.

"घेतो," ते लगेच म्हणाले.

रिसॉर्टवरून येत होते. तिथल्या माणसानं विचारलं म्हणे, आत येऊन बघता का. तात्या एका शब्दात व्हय म्हणाले होते.

"मग ओळखलं का त्यानं?"

"वळखलं की. हात हुंगलं, धोतर हुंगलं." तात्यांनी कप खाली ठेवला. "मंग फाटकाशी जाऊन उभा ऱ्हायला. शेळ्या मागनं येत असत्याल, आसं वाटलं आसंल त्याला. लई येळ उभा हुता."

चहा तसाच राहिला. अस्वल्यासाठी नेलेल्या भाकऱ्याही पिशवीत तशाच होत्या.