बिगर बीटीची पुडी

बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी कपाशीच्या बियाण्याची थैली फोडली की आत बिगर बीटीची छोटी पुडी निघते, आणि बियाण्याच्या औषधाच्या उग्र वासासरशी मला चिखलीतलं माझं कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. एका खाजगी वेबसाइटवर कापसाचे रोजचे भाव कुणालाही दिसायचे. मी एक प्रोग्राम लिहून ती सगळी यादी रोज सकाळी उचलायचो आणि माझ्या दुकानाच्या नावानं शेतकऱ्यांना मेसेज करायचो. एक दिवस वेबसाइटवाल्यांची नोटीस आली. ती घेऊन मी दुसरबीडच्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. "भाव तं साऱ्याइले फुकट दिसते, मंग चोरी कशी?" मी तावातावानं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "पाहाले मनाई नाही. सारी यादी उचलून वाटाले त्याइच्या अटीत मनाई हाय. त्यावर कोर्टात भांडता येईन. पण हे गाव कुठी हाय?" त्यांचं बोट माझ्या मेसेजमधल्या एका बाजाराच्या नावावर होतं. "संग्रामपूरकडं असंन," मी म्हणालो. "कुठीच नाही. नक्कल करनारा सापडावा म्हणून त्याइनंच यादीत खोटं नाव पेरलं. आपन धुऱ्यानं बिगर बीटी काऊन लावतो? अळी तिथं यावी म्हणूनच ना?" त्याच दिवशी मी प्रोग्राम बंद केला, माफीचं पत्र दिलं, आणि प्रकरण तिथंच मिटलं. आता दुकान नाही, शेती आहे. बाकीचे ती पुडी फेकून देतात, मी धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधाकडेनं, टोकतो, आणि टोकताना नोटिशीच्या आधी आलेला एका शेतकऱ्याचा फोन अजून कानात वाजतो: "त्या बाजाराले भाव चांगला हाय भाऊ, जीप कुठून भेटते?" मी त्याला संग्रामपूरकडचा रस्ता सांगितला होता.