बांधाकडची ओळ

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असे कोणी विचारले तर मी द्वारकाआत्याचे नाव घेतो. आमच्या कळंबच्या घरात तोवर कोणी शाळा पाहिली नव्हती. वडिलांच्या या विधवा बहिणीने मला सांगवीला आपल्या घरी नेले, बारामतीच्या शाळेत घातले आणि पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजात पाठवले. विश्वास मात्र तिने माझ्यावर कधी टाकला नाही. तो ती कुणावरच टाकत नसे.

हिवाळ्यात सकाळी उठली की ती अनवाणी मोसंबीच्या बागेत शिरे आणि झाडाझाडाखालची माती मुठीत दाबून बघे. मूठ उघडल्यावर माती भुगा होऊन सांडली, तर पुढे जाई. गोळा तसाच राहिला, तर जागेवरून ओरडे, "रातीचं पानी कुनी सोडलं हितं?"

तिचे दिवसच तसे असत. बहर धरायचा तर आधी बागेचे पाणी तोडावे लागते. पाने मलूल होऊन गळू लागली, की खत घालून पाणी द्यायचे. मग झाड फुलते. याला ताण देणे म्हणतात. आत्या म्हणायची, "सुखात आसल्यावर झाड कशाला फुलंल?"

पण बांधाकडची ओळ दोन वर्षे फुललीच नव्हती. सगळी बाग कोमेजली तरी ती हिरवीगार राही. बांधापलीकडे बापूरावांचा ऊस होता आणि तेवढी पट्टी उसाला द्या, असे त्यांनी एकदा आत्याला सुचवले होते. झाले! हाच माणूस रात्री पाणी सोडून बहर बुडवतो, हे तिने मनाशी पक्के केले. त्यांच्याशी बोलणे टाकले. ती ओळ म्हणजे तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने लावलेली शेवटची झाडे. "यंदा न्हाय फुलली तर तोडून टाकते," ती म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.

मी दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो. म्हणालो, "आत्या, बापूराव पाणी सोडत नसतील. उसाचं पाणी जमिनीतून झिरपत असणार. बांधालगत चर खणून बघू."

"त्यानं चा पाजला व्हय तुला?"

"नाही गं. कॉलेजात मास्तरांनी शिकवलं."

"मग मास्तराला पाजला आसंल."

तरी कुदळ तिनेच आधी उचलली. कंबरभर खोल चर खणून झाला. सकाळी पाहतो तर उसाकडची बाजू पाझरत होती आणि तळाशी घोटाभर पाणी साचले होते. आत्याने चरात उतरून त्या बाजूची माती मुठीत दाबून बघितली. मग तिने हाक मारली, "बापूराव, या हिकडं."

बापूराव आले, चरात डोकावले आणि हसू लागले. "बगा वैनी! दोन वरसं मला चोर म्हनत व्हता."

"चोर तुमी न्हाय, तुमचा ऊस हाय," आत्या म्हणाली. "पर ऊस कुनी लावलाय?"

चरातले पाणी आम्ही ओढ्याकडे काढून दिले. शिवरात्रीला मी पुन्हा गेलो, तेव्हा बांधाकडची ओळ पांढरीशुभ्र झाली होती. आत्या एका झाडाच्या बुंध्याला हात लावून उभी होती. मला पाहताच तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ह्यो वास बांधापल्याड जातुय बग. बापूराव फुकटात घेतुय."

पदवी मिळाली आणि मला नागपूरकडे, संत्र्यांच्या मुलखात नोकरी लागली. आत्याला वाचता येत नव्हते. वस्तीवर अक्षर ओळखणारे एकटे बापूरावच. नोकरीच्या गावाहून मी तिला पहिले पत्र लिहिले ते असे:

"तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. हे पत्र तुला बापूराव वाचून दाखवत असतील. ते मधले काही गाळतात, असे तुला वाटणारच. म्हणून थोडकेच लिहितो. खोली मिळाली, जेवण बरे आहे. मी जो काही झालो तो तुझ्यामुळे झालो. बापूराव, एवढे वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा तिचा विश्वास बसणार नाही."