भाऊजींची गाडी गॅसवर जाते

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले बंधू, दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करतात. साधे तराजू, पोती मोजायचे फळीचे काटे, हल्लीचे लाल आकडे दाखवणारे काटे, काहीही. जगाचे काटे सरळ करणारा हा माणूस स्वतः मात्र जन्मात कधी काटेकोर झाला नाही. चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधतात. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून निघतात आणि कुणी हटकले तर वर विचारतात, "दोन्ही माझ्याच आहेत ना?" वजनांच्या पेटीला हात लागला की मात्र माणूस पालटतो. लोखंडी वजन पेटीत ठेवतात ते झोपलेले मूल अंथरुणावर ठेवावे तसे, जरासुद्धा आवाज न करता.

ही वजने खांद्यावरून नेण्यासारखी नाहीत, म्हणून गाडी. गाडी जुनी, पेट्रोलची. ड्रायव्हरच्या बाजूचे दार आतून उघडत नाही, काच खाली करून हात बाहेर काढावा लागतो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकला आहे तो कायमचा. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, तो आपला अर्ध्यावर ध्यानस्थ. मी एकदा म्हटलेसुद्धा, "भाऊजी, सगळ्या गावाचे काटे दुरुस्त करता, हा का नाही?" तर म्हणाले, "धाकटे, न्हाव्याचे केस नेहमी वाढलेलेच असायचे."

पुतण्या हिशेबी. त्याचे म्हणणे, "बाबा, ही गाडी चालत नाही, पिते. विकून टाका आणि आता घरी बसा."

घरी बसा, हे दोन शब्द भाऊजींना काट्यासारखे टोचले. गाडी गेली की वजने गेली, वजने गेली की दुकाने गेली, आणि मग उरायची खिडकीजवळची खुर्ची. त्या दिवशी ते जेवले नीट, पण गप्प जेवले. आमच्या घरात गप्प जेवणे म्हणजे आजारपण समजतात.

मग एक दिवस संध्याकाळी ते हसतच जिना चढून आमच्याकडे आले. "धाकटे, तोडगा सापडला. गाडी गॅसवर नेतो."

"गॅसवर? म्हणजे शिजवणार का तिला?"

"अगं, पेट्रोलच्या जागी गॅस जाळायचा. निम्म्या खर्चात तेवढीच धाव."

जाऊबाईंनी खालूनच ऐकले. त्यांचे कान म्हणजे कान नाहीत, दाराच्या घंटा आहेत. "अहो, स्वयंपाकघरात एक सिलिंडर सांभाळता सांभाळता माझा जीव मेटाकुटीला येतो. आता दुसरा पाठीशी बांधून हिंडणार? मी नाही बसायची त्या गाडीत."

"तुला कोण बसवतंय? तू खाली उतरलीस की गाडीचं मायलेजच वाढेल."

"बघा हं! वजनं तुम्ही उचलता आणि जड मी!"

पण भाऊजींनी मनावर घेतले होते. गॅसची किट बसवणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी गेली आणि परत आली ती मागे डिकीत गोल पोटाची टाकी घेऊन. वजनांच्या पेट्या आता तिच्यापुढे अंग चोरून बसल्या. स्टिअरिंगजवळ एक छोटे बटण: एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला गॅस. सकाळी पेट्रोलवर चालू करायची, इंजिन तापले की बटण दाबून गॅसवर न्यायची. सरकारी कागदावर गॅसची नोंदही रीतसर झाली. मिस्त्रीने सांगितले, टाकी कधी गळ्यापर्यंत भरायची नाही, थोडी जागा मोकळी ठेवायची. मला ते फार पटले. पोटाचेही देवाने तसेच सांगून ठेवले आहे, आपण ऐकत नाही ही गोष्ट वेगळी.

नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून मिस्त्रीने बुडबुडा येतो का ते दाखवले. एवढे एकच जाऊबाईंनी मन लावून पाहिले. दुसऱ्या दिवसापासून भांडी घासून झाली की उरलेला फेस घेऊन त्या डिकीत. वाकून वास घ्यायच्या, फेस लावायच्या, डोळे बारीक करून बघायच्या. गाडीचा एवढा तिटकारा असून गाडीची एवढी निगा राखणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुतण्याने शेवटी अट घातली. "ठीक आहे बाबा. पण रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर मी भंगारवाल्याला बोलावणार. मग काही ऐकणार नाही. कबूल?"

"कबूल," भाऊजी म्हणाले. जाऊबाई लेकाकडे बघून मान हलवत होत्या. मला वाटले, त्यांनाही नवरा घरीच हवा, रस्त्यावर नको.

आज ती परीक्षा झाली. भाऊजींना पुलापलीकडच्या बाजारात एका घाऊक दुकानाचे काटे बघायचे होते. पुतण्याला सुट्टी, तो परीक्षक म्हणून पुढे बसला. मला तिकडे कापड घ्यायचे होते, मी मागे. आणि नवल म्हणजे जाऊबाईही आल्या. "तुम्ही सगळे उडालात तर मी एकटी मागे राहून काय करू?" असे म्हणून माझ्याशेजारी बसल्या आणि पदराने नाक धरले. मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केले. देवाला गाडीतले किती कळते ठाऊक नाही, पण भाऊजींचे मन त्याला कळते.

गाडी पेट्रोलवर सुरू झाली. गल्ली संपली, भाऊजींनी ऐटीत बटण दाबले. "आता गॅसवर." गाडी लोण्यासारखी चालली. भाऊजी शीळ घालू लागले. पुलाच्या चढाला लागलो, आणि गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग काहीच नाही.

भाऊजींनी बटण पेट्रोलवर केले. किल्ली फिरवली. गाडी नुसती खाकरली. काटा अर्ध्यावर ध्यानस्थ, टाकीत मात्र ठणठणाट. गॅसच्या कौतुकात पेट्रोल भरायचे राहून गेले होते.

मागे हॉर्नचा गलका. एक रिक्षावाला डोके बाहेर काढून म्हणाला, "काका, पूल विकत घेतला का?"

पुतण्याने शांतपणे फोन काढला. "बाबा, अट आठवतेय ना?"

भाऊजींचे हात स्टिअरिंगवर तसेच. मी आरशात त्यांचा चेहरा पाहिला आणि माझे नामस्मरण चुकले. त्यांनी मिस्त्रीला फोन लावला, तो उचलेना. पुतण्या भंगारवाल्याचा नंबर शोधू लागला.

जाऊबाई माझा हात दाबत होत्या. इतक्या जोरात की बांगड्या रुतल्या. मला वाटले, घाबरल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो, ती मागच्या टाकीवरची चावी... ती उघडी असावी लागते का?"

भाऊजी वळले. "कुठली चावी?"

"नळीपाशी असते ती. गोल."

"उघडी म्हणजे? उघडीच असते ती. ती बंद केली तर गॅस येईल कुठून?"

जाऊबाई पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "निघताना मी बंद केली. कुलूप लावायच्या आधी गॅस बंद करायचा असतो ना? स्वयंपाकघरातला केला, मग वाटलं, हाही करावा."

मग भाऊजी काचेतून हात काढून दार उघडून असे धावले की चपला (आज दोन्ही एकाच जोडाच्या होत्या) मागेच राहिल्या. वजनांच्या पेट्या फुटपाथवर उतरवल्या, डिकीत डोके घातले, चावी फिरवली. परत येऊन बटण गॅसवर केले, किल्ली फिरवली. गाडीने जरा नखरे केले आणि घर्रकन चालू झाली.

"तरी बंद पडलीच की," पुतण्या म्हणाला, पण आवाजात आता दम नव्हता.

"बंद पडली नाही. बंद केली!" भाऊजी गरजले. "मराठी नीट शीक. आपोआप होतं ते पडणं, माणूस करतो ते करणं. माझी गाडी पडली नाही, तुझ्या आईने केली. हवं तर आईला भंगारात दे."

पुतण्या हसू दाबायला खिडकीबाहेर बघू लागला. फोन खिशात गेला. मग दोघा बापलेकांनी पेट्या उचलून परत डिकीत ठेवल्या. एक पेटी पुतण्याने दाणकन आदळली, तशी भाऊजींनी त्याच्याकडे असे पाहिले की पुढची त्याने दोन्ही हातांनी, अगदी हळूच ठेवली.

पूल उतरल्यावर तो मागे वळला. "आई, एक सांग. तुला तर गाडी नकोच होती. गप्प बसली असतीस तर आज गेलीच असती. बोललीस कशाला?"

जाऊबाईंनी नाकावरचा पदर काढला. "गाडी गेली असती रे. पण मग हे दिवसभर घरात. माझ्या पिठाच्या डब्याखाली काटा लावतील, माझ्या साखरेत चूक काढतील, भिंतीवरचं घड्याळ उघडून बसतील. त्यापेक्षा तो सिलिंडर बरा. त्याला निदान चावी तरी आहे."

"ऐकतोय मी," पुढून भाऊजी म्हणाले.

"ऐकायलाच बोलतेय. आणि अहो, बाजारात आधी पेट्रोल भरा, मग काय ते काटे बघा."