पाठीवरची जटा

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, काळ्याभोर केसांचा झुपका होता. बाळंतपणाला मी माहेरी, दिंद्रुडला होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, परळीहून बघायला आल्या. त्यांनी लेकरू पालथं केलं आणि तिथंच हात जोडले.

"म्हादेवाची जटा हाय ही. हिला लोखंड लावायचं न्हाई."

झालं. त्या दिवसापासून माझं लेकरू माझं राहिलं नाही, देवाचं झालं.

परळीत आमचं किराणा दुकान. गावात घरोघरी रंगीत टीव्ही येत होते, छपरांवर तबकड्या उगवत होत्या, आणि आमच्या दुकानात दर सोमवारी तागडीशेजारी उपरणं अंथरून माझी पोर पालथी घातली जायची. बायका यायच्या, झुपक्यावर बेलाचं पान ठेवायच्या, भस्म लावायच्या. वीजकेंद्राची राख आधीच घरभर. त्यात हे भस्म. मी दोन्ही पुसत बसायचे.

तिचं दुपटं कधी कोरडं नसायचं. बाकीची लेकरं मुततात आणि थांबतात. हिचं थेंब थेंब चालूच. मांड्या सोलवटून निघायच्या. मी तक्रार केली तर आत्याबाई म्हणाल्या, "जटा हाय तितं गंगा असनारच की गं!" दुकानातल्या बायका कौतुकानं हसल्या. मी दात-ओठ खाल्ले. गावातल्या डॉक्टरला दाखवलं. त्यानंही झुपक्याला नमस्कार केला आणि मांड्यांना लावायला पावडर दिली. शिकलासवरलेला माणूस! आत्याबाईंपेक्षा त्याचाच राग मला आजही जास्त येतो.

एक दिवस न्हाऊमाखू घातल्यावर आत्याबाई बाळाला धुरी देत होत्या. शेगडीत गोवरीचा विस्तव, वर ओवा. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. भलताच वास आला म्हणून वळून बघितलं, तर पोरीचा डावा पाय शेगडीच्या काठाला टेकलेला. ओढून घेतली. टाच लालबुंद झाली होती, बघता बघता फोड टरारला. आणि पोर माझ्याकडं बघून हसत होती.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या, "इस्तवालाबी भेत न्हाई. जोगीन हाय, जोगीन."

माझं टाळकं सटकलं. मी पोरीच्या उजव्या पायाला चिमटा काढला, तिनं भोकाड पसरलं. डाव्याला काढला, काहीच नाही.

"जोगीन न्हाई! कळतच न्हाई तिला! पाय मेलाय तिचा!" आत्याबाईंवर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. नवरा दारात उभा राहून छताकडं बघत होता. त्याला म्हटलं, "तुमी येता का मी एकली जाऊ?" तो आला.

पुण्याच्या दवाखान्यात मोठ्या यंत्रात घालून तिच्या पाठीचे फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मज्जारज्जू खाली चरबीच्या गाठीला चिकटलाय. वासरू वाढतं आणि दावं आखूडच राहतं, तसं झालंय. पोर वाढेल तसा तो ताणत जाणार, आणि पाय न् लघवी दोन्हींचा ताबा जाणार. ऑपरेशन करून सोडवायला हवा, तोही लवकर.

"हा केसांचा झुपका म्हणजेच खूण होती," त्या म्हणाल्या. "जन्मल्याबरोबर दाखवायचा."

दाखवलाच होता की! अख्ख्या परळीला दाखवला होता.

नवरा खाली एसटीडी बूथवर गेला, आईला विचारायला. वर आला तो मान खाली घालून. "आई म्हनती, आपरेशन करा, पन जटंला वस्तरा लावू नका. घरावर कोप हुईल."

"मग कुटून करायचं? नाकातून?"

केस काढायला आलेली सिस्टर आमचं भांडण ऐकत थांबली होती. तिच्या ट्रेमधली कात्री मी उचलली. "कोप व्हायचा तर माज्यावर हू द्या," म्हटलं आणि झुपका बुडापासून कापला. उरलेलं सिस्टरनं वस्तऱ्यानं साफ केलं. केस मी बादलीत टाकले, भिजलेल्या कापसाच्या बोळ्यांवर.

ऑपरेशन नीट झालं. त्यांची ती गंगा हळूहळू आटली. पोर उशिरा का होईना, चालायला लागली. पण डाव्या तळपायाचं भान गेलं ते गेलंच. गेलेलं परत येईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं.

परळीला आलो तर आत्याबाई उंबऱ्यातच उभ्या. "जटा आनली का? देवाला वाहावी लागंल." पोरगी कशी आहे, ते नंतर.

"दवाखान्याच्या बादलीत हाय," मी म्हटलं. "जाऊन आना."

पुढं पोरगी शाळेत जायला लागली. उन्हाळ्यात आमच्याकडं रस्ता तव्यासारखा तापतो, आणि डाव्या पायातली चप्पल निसटली तर हिला पत्ता नसतो. म्हणून ती दुकानाच्या पायरीवर आली की दप्तर घ्यायच्या आधी मी खाली बसते आणि तिचा पाय हातात घेते. एखादी जुनी गिऱ्हाईक बाई ते बघते आणि हात जोडून शेजारणीला सांगते, "देवाचं लेकरू हाय ते. आई रोज पाया पडती."

मी मान वर करत नाही. मला फोड शोधायचा असतो.