आग्रह न करणारं घर

संध्याकाळी साडेसातला कोणी घरी बोलावलं तर ते जेवायला बोलावलं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. नागपुरात उभा जन्म गेला, पण त्या वेळेला बोलावून पाहुण्याला उपाशी परत पाठवणारं घर मी पाहिलं नव्हतं. म्हणून शेजारच्या डच बाईंच्या वाढदिवसाला निघताना मधुमेहाची जेवणाआधीची गोळी मी घरीच घेऊन टाकली. चारचौघांत पर्समधून गोळ्या काढत बसायची मला लाज वाटते. त्यातही या बाईंसमोर तर नकोच.

अमेरिकेत कॅरी गावी लेकीकडे येऊन मला महिना झाला होता आणि त्या महिन्यात या बाईंचं कौतुक ऐकून मी विटले होते. वयाने माझ्याहून मोठ्या, तरुणपणी नेदरलँड्समधून इकडे आलेल्या, आणि अजून रोज सकाळी सायकलवरून ताठ मानेनं आमच्या दारावरून जायच्या. दुपारचं जेवण म्हणजे ब्रेडचे दोन तुकडे, चीजची चकती आणि ग्लासभर ताक. "आई, बघ ना, या वयात काय फिट आहेत त्या," लेक म्हणायची. मी मनात म्हणायची, ब्रेड खाऊन कोणीही ताठ राहील, पुरणपोळी खाऊन राहून दाखवा म्हणावं.

मी आले होते ते नातीसाठी. सात वर्षांची पोर शाळा सुटल्यावर पार संध्याकाळपर्यंत आफ्टरस्कूलमध्ये बसून राहायची. घरात धडधाकट आजी असताना हे कशाला, असा माझा हेका होता. लेक मात्र कचरत होती. माझी शुगर मधेच खाली जाते, घरात आम्ही दोघीच असताना काही झालं तर त्या लेकराने काय करायचं, असं तिचं म्हणणं. मला ते फार लागलं. शेवटी तडजोड निघाली. त्या शुक्रवारी लेक-जावयाला ऑफिसच्या डिनरला शेजारच्या रॅले शहरात जायचं होतं. नातीला मी सांभाळायचं, शेजारच्या वाढदिवसाला मीच घेऊन जायचं. सगळं नीट पार पडलं, तर सोमवारपासून आफ्टरस्कूल बंद.

माझी परीक्षाच होती म्हणा ना. निघताना लेकीने विचारलंच, पर्समध्ये चॉकलेट ठेवलंस ना. आहे, म्हणाले. होतंही, पण रोजच्या पर्समध्ये. साडीवर शोभेल म्हणून मी दुसरी पर्स घेऊन निघाले.

बाईंच्या दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आम्ही आत शिरलो तसे सगळे उठून एकमेकांचं अभिनंदन करू लागले. बाईंचं ठीक, पण बायकोचा वाढदिवस म्हणून नवऱ्याचं अभिनंदन, बहिणीचा म्हणून बहिणीचं, आणि शेजारीण म्हणून माझंही. मला मोठी गंमत वाटली. मग सगळे गोलात बसले. कॉफी आली आणि घरी केलेल्या ॲपल पायचा एकेक तुकडा फिरू लागला. बाई ताट घेऊन माझ्यासमोर आल्या. मी म्हटलं, "नो, नो, थँक यू."

हा नकार कसला असतो ते आपल्या माणसाला सांगायला नको. आपण नको म्हणायचं, यजमानिणीने असं कसं म्हणायचं, मग आपण बरं, अर्धाच द्या म्हणायचं. मला तो अर्धाच हवा होता. गोड पथ्यात बसत नाही, पण अगदीच नाकारलं असंही दिसायला नको. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, "ओके" म्हणाल्या आणि ताट शेजारच्या गृहस्थांपुढे धरलं. नातीने आपला तुकडा केव्हाच संपवला होता.

मी मनात म्हटलं, असू दे, जेवण आहेच. शेजारचे गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होते. ती संपली, दुसऱ्यांदा कॉफी फिरली, तरी कोणी उठेना. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येईल असं मी धरलं नव्हतंच, पण कसलाच वास येत नव्हता. हळूहळू माझे तळहात ओले झाले. ओठांना मुंग्या आल्या. ही लक्षणं मी चांगली ओळखते. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. पण मघाशी नाकारलेला तुकडा आता तोंडाने मागायचा, तोही त्या गोलात, सगळ्यांच्या देखत? त्यापेक्षा मरण परवडलं असं मला वाटलं, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

"आजी, आर यू ओके?" नातीने हळूच विचारलं.

मी हो म्हटलं, बाथरूमला जाऊन येते म्हटलं, आणि भिंतीला धरत थेट स्वयंपाकघर गाठलं. ओटा लख्ख पुसलेला. शेगडीवर एक भांडं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या घरात आज जेवण नाही. फळीवर एक खोका दिसला, त्यावर ब्रेडचं आणि चॉकलेटच्या बारीक दाण्यांचं चित्र होतं. मी तो फोडला. फोडला म्हणजे फाडलाच. अर्धे दाणे साडीवर आणि फरशीवर सांडले. उरलेल्यांचा मी बकाणा भरला. उभ्या आयुष्यात लोकांच्या घरात न विचारता मी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला नाही. तोंड गच्च भरलेलं असताना मागे वळले तर दारात बाई उभ्या होत्या आणि त्यांना चिकटून माझी नात.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खुर्ची ओढून मला बसवलं, संत्र्याच्या रसाचा ग्लास हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोर थांबल्या. मग सरळ विचारलं, भूक होती तर नाही का म्हणालात. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे आधी नाही म्हणायची रीत आहे. त्यांनी त्यावर जरा विचार केला.

"तुम्ही नाही म्हणालात," त्या सावकाश म्हणाल्या. "मी तुमचा शब्द मानला. पुन्हा विचारलं असतं, तर मी तो मानला नाही असं झालं असतं."

त्यांच्याकडे सहालाच जेवणं उरकतात आणि नंतर येणारा पाहुणा जेवूनच येतो, हेही त्यांनी सांगितलं. मग ब्रेडला लोणी फासून त्यावर तेच दाणे पेरून दिले. म्हणाल्या, आमची मुलं नाश्त्याला हेच खातात. नातीच्या देखत मी तो ब्रेड खाल्ला आणि खाताना मान वर केली नाही. फरशी मी पुसते म्हटलं तर त्या नको म्हणाल्या, आणि ते नको खरोखरच नको होतं. तुमच्या मुलीला फोन करू का, असं त्यांनी शेवटी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी तेही मानलं.

घरी येताना अंगणातच मी नातीला म्हटलं, "आईला हे सांगायचं नाही हं." "ओके," ती म्हणाली. का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. डिनरहून आल्या आल्या लेकीने विचारलं, नीट जेवलात ना दोघी. मी म्हटलं, पोटभर, फार आग्रह करून वाढलं त्यांनी. सोफ्यावरून नातीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. लेकीच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. महिन्यानंतर प्रथमच तिने माझ्या गळ्यात हात टाकले, आणि मी ते टाकू दिले.

आफ्टरस्कूल बंद झालं. सोमवारी बसस्टॉपवर मी वेळेआधीच जाऊन उभी राहिले. नात उतरली, पण माझा हात धरून निघाली नाही. फूटपाथच्या कडेला बसली, दप्तर उघडलं आणि डबा काढून माझ्यापुढे धरला. सकाळी मीच गुंडाळून दिलेला पोळी-भाजीचा रोल अर्ध्यावर मोडून ठेवलेला होता. शेजारी द्राक्षं, त्यांना तर हातही लावलेला नव्हता.

"ईट फर्स्ट, आजी. देन वी विल वॉक."

मला वाटलं, खेळण्याच्या नादात डबा राहिला असेल. विचारलं, तू का नाही खाल्लंस. ती रोलकडे बघत राहिली. माझ्याशी एरवी इंग्रजीत बोलणारी पोर मराठीत म्हणाली, "मला भूक नव्हती."

सकाळपासून अर्ध्या पोळीवर राहिलेलं लेकरू. घरी पोचेपर्यंत मी पडू नये म्हणून तिने आपल्या तोंडचं काढून ठेवलं होतं, आणि मी सांगितलं म्हणून आईपाशी अवाक्षर काढलं नव्हतं. मला सांभाळायचं ओझं आपल्यावर आलंय, असं तिने आपलं आपण ठरवून टाकलं होतं. माझी मान इतकी खाली कधी गेली नव्हती, बाईंच्या स्वयंपाकघरातसुद्धा नाही.

मी तिच्या शेजारी बसले. द्राक्षं आणि रोल तिला भरवला, अगदी शेवटच्या घासापर्यंत. मग लेकीला फोन लावला. मीटिंगमध्ये आहे, नंतर करते, ती म्हणाली. मी म्हटलं, नंतर नको, आत्ताच ऐक, आणि शुक्रवारचं सगळं सांगितलं. "उद्यापासून पोरीला परत आफ्टरस्कूलला घाल," मी म्हटलं. नात माझं तोंड बघत होती. मी फोन ठेवला तशी तिने डब्याचं झाकण लावलं आणि खेळायला जाऊ का म्हणून विचारलं.